बाबांची विंडो

आधीच सांगून टाकते, चूक माझी. ऐकताना मध्येच कुणी म्हणायला नको की बिचारीच्या हातून झालं, होतं असं माणसाच्या हातून. बिचारी वगैरे मी नाही. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो हे आमच्या जिन्यावरच्या चारही बिऱ्हाडांना ठाऊक आहे. माझ्या नवऱ्याला तर भांडी जरा जोरात वाजली की आज आपलं काय चुकलं ते आठवायला लागतं.

घरात आम्ही तिघं. मी, नवरा आणि बाबा, म्हणजे माझे सासरे. मी सकाळी एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते आणि दुपारी दोनला घरी येते. नवरा उगवतो आठला. मधले सहा तास मी आणि बाबा, आणि मधल्या खोलीतला कॉम्प्युटर.

बाबा आयुष्यभर छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे, म्हणजे सुट्या अक्षरांचे ठसे, एकेक उचलायचे, ओळ जुळवायची, ओळीखाली ओळ लावून पान उभं करायचं. चाळीस वर्षं उलटी अक्षरं वाचण्यात गेली आणि आता सुलटीही दिसेनात. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग धरलाय. कडेचं दिसतं, समोरचं नाही. डाग वाढत जाणार, वाचता येईल ते फार तर वर्षभर, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं.  घरी आल्यावर जिना चढताना बाबा म्हणाले, सूनबाई, मला तो कॉम्प्युटर शिकव. एक पत्र लिहायचंय, डोळे आहेत तोवर.

पत्र कुणाला ते विचारायची गरज नव्हती. वन्संना. माझी मोठी नणंद, बाबांची थोरली लेक. मी तिला एकदाच पाहिलंय, लग्नाआधी हे घर बघायला आले त्या दिवशी, तेही दारातून बाहेर पडताना.

झालं होतं असं. वीस वर्षांपूर्वी वन्संना दुसऱ्या गावच्या कॉलेजातून प्रवेशाचं पत्र आलं. जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं तिला, लहानपणापासून. सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या, माझा नवरा शाळेत. घर कोण बघणार? बाबांनी ते पाकीट छापखान्यात नेलं आणि खिळ्यांच्या एका खणाखाली सरकवून दिलं. मुदत टळली. आपल्याला घेतलंच नाही असं समजून वन्सं घरात राहिल्या, आईचं सगळं केलं, आई गेली तरी राहिल्या. अकरा वर्षांनी मालकाने छापखाना विकला. आवराआवर करायला बाबांच्या मदतीला वन्संच गेल्या, आणि खण उचलला तर खाली पाकीट. फोडलेलं, तिच्या नावाचं. तिने ते बाबांपुढे धरलं. आणि बाबा म्हणाले, मला काय माहीत, पोस्टमनने कुठे टाकलं असेल, कचऱ्यात इकडे आलं असेल. बस. त्या दिवशी वन्सं गेल्या त्या गेल्या. या गोष्टीला नऊ वर्षं झाली.

बाबांनी पाठवलेली दोन पत्रं न फोडता परत आली. अक्षर ओळखलं असणार. फोन नंबर बदललेला. वन्संची आता एक रोपवाटिका आहे एवढं कळलं होतं, आणि त्या रोपवाटिकेचं इंटरनेटवर पान होतं. पानाच्या तळाशी एक रिकामी चौकट, वर लिहिलेलं, ‘आम्हाला लिहा’. लोक तिथे रोपांची चौकशी करतात. माझ्या सासऱ्यांनी त्या चौकटीत लेकीला पत्र लिहायला घेतलं.

मी म्हटलं, बाबा, अहो इथे नका लिहू. दुसरीकडे लिहून ठेवू, रोज सेव्ह करू, शेवटी इथे आणून चिकटवू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी भरल्या ताटाला पाय लावला. जुळवलेलं मॅटर कुणी इकडून तिकडे हलवतं का, म्हणाले. त्यांच्या धंद्यात पान जुळवलं की दोरीने बांधून फळीवर ठेवायचे. दोन दिवस राहो की दोन महिने, छापून होईपर्यंत त्याला कुणी हात लावत नसे. फळीवर ठेवलेलं जागच्या जागी राहतं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव. पडद्यावर दिसतंय म्हणजे ते आहे, मग आणखी कुठे ठेवायचं? मीही फार डोकं लावलं नाही. म्हटलं, करू दे म्हाताऱ्याला, चार दिवसांत कंटाळतील.

कंटाळतात कसले! रोज दुपारी झोप झाली की ते येऊन बसायचे. अक्षरं मी पडद्यावर मावतील तेवढी मोठी करून दिली होती. मान तिरकी करायची, कडेच्या नजरेने कीबोर्डवर अक्षर हुडकायचं, एका बोटाने दाबायचं. दिवसाला दोन ओळी, फार तर तीन. मी वाचायचं नाही असं बजावलेलं. पडद्याच्या वर त्यांनी एक चिठ्ठी चिकटवली होती: ‘मॅटर उभं आहे. हात लावू नये.’ कॉम्प्युटर बंद करायचा नाही, त्यांची विंडो मिटायची नाही, मला काम असेल तर मी दुसरी विंडो उघडायची आणि काम झालं की तेवढीच बंद करायची. आमच्यात हा करारच होता म्हणा ना.

त्याच दिवसांत एकदा माझ्या हातून त्यांचा चहाचा कप फुटला. मी तुकडे गुपचूप कागदात गुंडाळत होते, तर आवाज ऐकून ते हसले आणि छापखान्यातली एक रीत सांगितली. जुळवलेलं पान कधी हातातून निसटायचं, हजारो खिळे जमिनीवर. तेव्हा ज्याच्या हातून पडलं त्याने तिथल्या तिथे मोठ्याने म्हणायचं, ‘सांडलं!’ तो शब्द ऐकला की सगळे जुळारी हातातलं काम टाकून खाली बसायचे आणि वेचायला लागायचे. मालक असला तरी वेचायचा. कुणी विचारायचं नाही, कसं पडलं, का पडलं. आधी वेचायचं, रागवायचं ते नंतर. आणि न सांगता कुणी गप्प राहिला तर? तर त्याला कुणी पुन्हा पान उचलू देत नसे, बाबा म्हणाले.

एकोणिसाव्या दिवशी मी दोनला घरी आले ती जळका वास नाकात घेऊनच. बाबांनी चहा करायला गॅस पेटवला होता आणि शेजारचा पुसायचा कपडा त्यांना दिसला नव्हता. ओट्यावर पाणीच पाणी, भिंत काळी, आणि बाबा हातात तो अर्धा जळलेला कपडा धरून उभे. माझा जीव असा खाली-वर झाला, आणि जीव खाली-वर झाला की माझं तोंड सुटतं. काय वाट्टेल ते बोलले. तुम्हाला बघायला मी नोकरी सोडू का, इथपर्यंत.  त्यांनी कपडा नळाखाली धरला, पिळला, वाळत घातला आणि खोलीत जाऊन पडले.

मी मधल्या खोलीत येऊन बसले. बाबांच्या विंडोवर माझी नवी विंडो उघडली आणि वृद्धांना ठेवून घेणारी ठिकाणं शोधायला लागले. नवऱ्याशी बोलले नव्हते, कुणाशीच नाही. रागात होते, आणि रागापेक्षा जास्त घाबरलेली होते. दोन तासांच्या अंतरावरचं एक ठिकाण बरं वाटलं. त्याचं पान एका विंडोत, तिथल्या खोल्यांचे फोटो दुसरीत, जायचा रस्ता तिसरीत. बाबांसाठी अक्षरं मोठी करून ठेवलेली, त्यामुळे पडद्यावर वीत-वीत उंचीचं अक्षर दिसत होतं: ‘ज्येष्ठांसाठी मायेचं दुसरं घर’.

तेवढ्यात खोलीतून चपला फरफटत येण्याचा आवाज आला. बाबा रोजच्यापेक्षा लवकर उठले होते.

आता हे नीट ऐका. आमच्या लॅबच्या कॉम्प्युटरवाल्याने मला शिकवलं होतं. कीबोर्डच्या खालच्या ओळीतलं एक बटण आणि डब्ल्यू एकत्र दाबलं की समोरची एकच विंडो बंद होते. तेच बटण आणि क्यू दाबलं की अख्खा ब्राउझर बंद, त्यातल्या सगळ्या विंडो एका फटक्यात गेल्या. दोन्ही अक्षरं शेजारीशेजारी, जपून हं बाई, असं तो म्हणालाही होता. माझं बोट पडलं ते क्यूवर.

पडदा मोकळा झाला. बाबा दारातून आत आले, खुर्चीवर बसले, मान तिरकी केली. कडेच्या नजरेने पडदाभर हुडकलं. मग म्हणाले, सूनबाई, माझं मॅटर कुठे गेलं? मी ब्राउझर पुन्हा उघडला, रोपवाटिकेचं पान आणलं, तळाशी गेले. चौकट होती. आत काही नव्हतं.

आणि मी म्हटलं, “तुम्हीच काल उठताना काहीतरी दाबलं असेल, बाबा.”

क्षणभरही विचार केला नाही. तोंडातून असं सहज आलं की माझं मलाच नवल वाटलं. त्यांनी हातांकडे पाहिलं. म्हणाले, असेल. दिसत कुठे मला. मग उठून पडद्यावरची ती चिठ्ठी काढली, तिची नीट चौकोनी घडी केली, खिशात घातली आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. जेवायला बोलावलं की यायचे, पुढ्यात येईल ते खायचे, ताट उचलून ठेवायचे. नवऱ्याने विचारलं, बाबा, पत्राचं कुठवर आलं? तर हसून म्हणाले, माझ्याच हातून गेलं रे, एवढा जुळारी मी, आणि अख्खं पान घालवलं. नवरा म्हणाला, पुन्हा लिहा की. ते म्हणाले, डाग वाढलाय, आता अक्षर सापडत नाही. मी भाजी ढवळत होते ती ढवळतच राहिले.

खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही. मी त्यांचे कपडे दोनदा इस्त्री करायला लागले. चहा वेळेआधी द्यायला लागले. एकदाही आवाज चढवला नाही, तर नवरा म्हणाला, तुला बरं आहे ना? त्याच्यावर मात्र मी अशी भडकले की शेजारच्या मावशींनी दार लोटून घेतलं. लॅबमध्ये मी कॉम्प्युटरवाल्याला आडून आडून विचारलं, चौकटीत लिहिलेलं परत काढता येतं का? तो म्हणाला, नाही हो बाई, पाठवल्याशिवाय ते कुठेच नसतं. मग म्हणाला, काय झालं, डब्ल्यूऐवजी क्यू दाबलात ना? मी म्हटलं, हो, बोट निसटलं. त्या खोटेपणाचीही आता सवय होत होती.

कारण बोट निसटलं नव्हतं. तोवर कुणालाच न सांगितलेली गोष्ट ही. तीन विंडो बंद करायला डब्ल्यू तीनदा दाबावं लागलं असतं, आणि चपलांचा आवाज दाराशी आला होता. क्यू एकदाच. त्या एका क्षणात मला खाली बाबांची विंडो आहे हे माहीत होतं. विसरले नव्हते. माहीत असून मी दाबलं, कारण त्यांची एकोणीस दिवसांची मेहनत गेली तरी चालेल, पण माझं बिंग फुटायला नको, असं मला वाटलं. आणि गंमत बघा, ज्याच्यापासून लपवलं त्याला समोरचं दिसतही नव्हतं. वीतभर अक्षर होतं, त्याची भीती. चोराच्या मनात चांदणं.

असे तेवीस दिवस गेले. चोविसाव्या दिवशी मला सहन होईना, म्हणून मी अर्धंच प्रायश्चित्त घ्यायला निघाले. बाबांना म्हटलं, तुम्ही सांगा, मी टाइप करते. लॅबमध्ये दिवसाला साठ रिपोर्ट करते, तुमचं पत्र तासाभरात होईल. ते आधी नको म्हणाले. मग म्हणाले, एका अटीवर. जुळारी लेखकाच्या मजकुरात हात घालत नाही. मी सांगीन तेच लिहायचं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मी कबूल केलं.

दुपारची वेळ, खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला. मी कीबोर्डपाशी, बाबा शेजारच्या खुर्चीत, हात गुडघ्यांवर. रोपवाटिकेचं पान उघडलं, चौकटीत क्लिक केलं. पहिल्यांदाच कळलं की इतके दिवस ते काय लिहीत होते. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. तुझं पत्र पोस्टात हरवलं नव्हतं, मी लपवलं होतं. फोडून वाचलं होतं. तू गेलीस तर घर कसं चालेल या भीतीने लपवलं, आणि नंतर लपवलं म्हणून लपवतच राहिलो. तू पाकीट पुढे धरलंस तेव्हाही खोटं बोललो. मी टाइप करत होते, आणि प्रत्येक वाक्य माझ्याच अंगावर येत होतं. डोळे भरून आले तरी बोटं चालूच होती, सवयीची.

मग ते थांबले, जरा विचार करून म्हणाले, आता असं लिही: हे पत्र मी याआधी एकदा लिहिलं होतं. एकोणीस दिवस लागले. माझ्या चुकीने ते पुसलं गेलं. आता माझ्या हातांवर माझाच भरवसा नाही, म्हणून सूनबाईकडून लिहून घेतोय. ती माझं फार करते.

‘एकोणीस दिवस लागले’ इथवर मी टाइप केलं. पुढचं वाक्य काही होईना. बोटं कीबोर्डवर ठेवलेली, आणि एक अक्षर पडेना. आवाज बंद झाला तसं बाबांनी विचारलं, झालं?

मी म्हटलं, “बाबा, सांडलं.”

त्यांनी आधी काय केलं असेल? खुर्ची मागे सरकवली आणि जमिनीकडे वाकले. वाकून हात पुढे केला, आणि मग तसेच थांबले. हळूहळू सरळ होऊन बसले. मला रडू फुटलं होतं, पण मी बोलत राहिले, कारण थांबले असते तर पुन्हा बोलले नसते. पत्र तुमच्या हातून नाही गेलं, माझ्या हातून गेलं. निसटलं नाही, मी दाबलं. माहीत असून दाबलं. आणि तुमच्यावर ढकललं.

 शेजारच्यांच्या घरात मिक्सर सुरू होता तो बंद झाला. मग त्यांनी विचारलं, काय लपवत होतीस?

इथे अजून एक खोटं बोलता आलं असतं. साड्या बघत होते म्हटलं असतं तर चाललं असतं. मी खरं सांगितलं.

“उघड ते,” बाबा म्हणाले. “मला वाचून दाखव.”

मी म्हटलं, नको. ते म्हणाले, उघड. मी पत्राच्या विंडोवर दुसरी विंडो उघडली आणि ते पान आणलं. वाचायला लागले. मायेचं दुसरं घर. प्रशस्त हवेशीर खोल्या. चोवीस तास परिचारिका. सकाळी बागेत फेरी. आपुलकीची माणसं. पुढच्याच ओळीत पुन्हा आपुलकीचं वातावरण. बाबा प्रूफ ऐकावं तसं मान खाली घालून ऐकत होते. आपुलकी दोनदा आलीय, म्हणाले. मी पुढे वाचू शकले नाही. त्यांनी सावकाश विचारलं, तिथे स्वयंपाकघरात जाऊ देतात का? मी म्हटलं, नसतील देत. ते म्हणाले, बरोबरच आहे. तो कपडा पेटला तेव्हा मीही घाबरलो होतो गं. तू येण्याआधी पंधरा मिनिटं तसाच उभा होतो, तू काय म्हणशील या भीतीने.

 त्यांनी पडद्याच्या दिशेने बोट केलं. “आता ही बंद कर,” म्हणाले. “एवढीच.”

मी कीबोर्डला हात लावला नाही. हातांचा भरवसा नव्हता. माउस धरला, बाण अगदी कोपऱ्यातल्या त्या छोट्या खुणेवर नेला, दोनदा खात्री केली आणि एकदाच क्लिक केलं. ते पान गेलं. खाली बाबांचं पत्र होतं, सोडलं होतं तिथेच, ‘एकोणीस दिवस लागले’पाशी.

“आहे?” त्यांनी विचारलं.

“आहे, बाबा.”

“मग आधी वेचू. रागवायचं ते नंतर.” त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि गुडघ्यांवर हात ठेवून सांगायला लागले. “लिही. ते पत्र सूनबाईच्या हातून सांडलं. तिने मला हे सांगायला चोवीस दिवस लावले. मला वीस वर्षं लागली.”

मी लिहिलं. त्यांनी पुन्हा वाचून दाखवायला सांगितलं, मी वाचून दाखवलं. ‘ती माझं फार करते’ हे वाक्य ते आता सांगणार नाहीत असं मला वाटलं होतं. त्यांनी तेही सांगितलं, आणि मी तेही टाइप केलं, एक अक्षर इकडचं तिकडे न करता.

पत्र गेलं. उत्तर अजून नाही. बाबा रागावलेही नाहीत अजून, आणि मी रोज दुपारी त्याची वाट बघते.